हिरवी लाईट आपोआप लागली

प्रिय येडू,

सांगोल्याकडं तुझ्या वस्तीवर पत्र पोचतं की नाही, ठाऊक नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि माझा उचलावास असं मी काही केलेलंही नाही. सध्या मला बोलताही येत नाही. समोरचे दोन दात गेलेत, उजव्या भुवईवर सहा टाके आहेत. अनवरी म्हणाली, "लिहून टाका. तोंड बरं व्हायची वाट बघाल आणि परत घाबराल." बायको आहे, ओळखते मला.

तुझ्या मशीनवर आता मोडनिंबचा गुंडा नावाचा पोरगा बसतो. युनिफॉर्मचा सीझन आहे, शाळांचे बिल्ले धडाधड निघतायत. ते जुनं एम्ब्रॉयडरी मशीन अजून फ्लॉपीशिवाय डिझाइन घेत नाही. मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं, फ्लॉपीवर भरायचं, तू ती मशीनला लावायचीस. नऊ वर्षं आपण असंच काम केलं. डबा खाताना तुझ्या आईच्या हातची शेंगाचटणी निम्मी माझ्या भाकरीवर असायची.

त्या मंगळवारचं सगळं तुला आठवत असेल, पण मला काय दिसलं ते तुला माहीत नाही. आपल्या तीन बिल्ल्यांची डिझाइनं दुसऱ्या कारखान्यात सापडली होती आणि शेठचा मेव्हणा अभिमन्यू चोर शोधत फिरत होता. तू रिकामी फ्लॉपी घेऊन माझ्या खोलीत उभा होतास. मी चहा आणायला गेलो होतो. तेवढ्यात कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह आपोआप घरघरला, त्याची हिरवी लाईट लागली, आणि नेमका अभिमन्यू आत आला. त्याला वाटलं, तू डिझाइन चोरून फ्लॉपीवर घेतोयस. मी दोन्ही हातांत कप घेऊन दारात पोचलो तेव्हा तू म्हणत होतास, "मी हात बी लावला न्हाय की, मालक!" त्यानं मशीनच्या फ्रेमचा लोखंडी पाइप उचलला. पहिला फटका तुझ्या खांद्यावर बसला. तू खाली पडलास तसा त्यानं तुझा उजवा हात टेबलावर ओढला आणि त्यावर मारत राहिला. हाडाचा आवाज मी ऐकला. कापडावर रक्त उडालं तेव्हा "माल खराब होतोय" असं कुणीतरी ओरडलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी चहाचे कप खाली ठेवले, जपून, सांडू न देता. एवढंच केलं मी.

ड्राइव्ह का घरघरला, ते मला माहीत होतं येडू. त्यात सुताचे बारीक तंतू जायचे, दोन-चार तास नुसता पडला की अडकून बसायचा, आणि तसला नवा आता मिळत नाही. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहून टाकला होता. पडद्यावर तो दिसायचा नाही, मागच्या मागं चालायचा आणि दर दहा मिनिटांनी ड्राइव्हला क्षणभर फिरवायचा. विचारल्याशिवाय कॉम्प्युटरमध्ये काही घालायचं नाही, असा शेठचा दम होता, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला दवाखान्यात नेलं आणि मी तो प्रोग्राम पुसून टाकला. पोलीस आले तेव्हा, येडू जिन्यावरून पडला, असं लिहून दिलं. तुझी दोन बोटं काढली त्या दिवशी तुझ्या आई, केराबाई, कारखान्याच्या फाटकावर आल्या होत्या. "माज्या लेकानं काय केलंय? तू तरी सांग की, आवेज." मी त्यांना पाणी दिलं आणि आत निघून गेलो.

प्रोग्राम गेल्यावर ड्राइव्ह महिनाभर कसाबसा चालला. परवा दुपारी बंद पडला. गुंडाची फ्लॉपी आत अडकली आणि अभिमन्यूला वाटलं, यानं मुद्दाम मोडला. त्यानं गुंडाची मान धरून त्याला चालू मशीनवर दाबलं आणि त्याचा पंजा सुयांखाली सरकवायला लागला. एक सुई गुंडाच्या करंगळीतून आरपार गेली. तो किंचाळला तसा मी मेन स्विच खाली ओढला. सगळी मशिनं थांबली. त्या शांततेत मी ओरडलो, "येडूनं चोरी केली नव्हती! ती लाईट माझ्या प्रोग्रामनं लागली होती!" बाकीचंही सगळं सांगत राहिलो, तोच पाइप माझ्या तोंडावर येईपर्यंत. पण या वेळी कारखान्यातल्या बाया धावल्या. त्यांतल्या चन्नम्मानं कात्री उगारली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा तो मागं सरला.

आज सकाळी मी चौकीत जाऊन माझा आधीचा जबाब खोटा होता असं लिहून दिलंय. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावरही केस होईल म्हणाले. होऊ दे. गुंडा आणि चन्नम्माही सह्या करून आलेत. चौकीतले साहेब म्हणतात, येडूची स्वतःची तक्रार असेल तर अभिमन्यूला सुटता येणार नाही. त्यासाठी लिहितोय. सोमवारी अकरा वाजता चौकीत ये, केराबाईंनाही आण. त्यांनी फाटकावर विचारलं होतं त्याचं उत्तर मला सगळ्यांसमोर त्यांना द्यायचंय. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडं बघूही नकोस, पण ये. नाही आलास तरी मी तिथं असेन आणि तुझ्या हाताचं जे झालं ते पहिल्या फटक्यापासून सांगेन.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
आवेज