मावशी आली!

प्रिय टाचणे,

तुला आता सगळ्याजणी 'बाई' म्हणतात, ते त्या दिवशी माझ्या कानांनी ऐकलं, तरी माझी जीभ काही वळत नाही बघ. तोंडात टाचण्या धरून कापड बेतणारी, आणि तोंड उघडलं की टाचणीहून जास्त टोचणारी, ती तू. शर्टांना गुंड्या लावून लावून स्वतःच गुंडीसारखी गरगरीत झालेली, ती मी. या वयात नावं बदलणं म्हणजे जुन्या सदऱ्याला नवी कॉलर लावणं. शोभत नाही.

तुझा कारखाना बघून आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. किती गं छान केलंस सगळं! प्रत्येकीला पाठ टेकायला खुर्ची, डोक्यावर पंखा, मशीनवर वेगळा दिवा. आपण बिनपाठीच्या स्टुलांवर जन्म काढला. संध्याकाळी कंबर आपली आहे की शेजारणीची, ते कळायचं नाही. तू माझा हात धरून मला टेबलाटेबलापाशी नेत होतीस आणि माझी नात कॉलरच्या टेबलावरून आपल्या दोघींकडे चोरून बघत हसत होती. आईवेगळी पोर, मीच वाढवलेली. मी शब्द टाकायच्या आत तू तिला कामावर घेतलंस, तेव्हा मला रडूच आलं होतं. हे सगळं खरं, आणि तरी निघताना एक गोष्ट माझ्या ओठांवर येऊन परत गेली. तुझ्या पोरींसमोर बोलवेना. गोष्ट तुझ्या कारखान्याची आहे आणि तिथल्या सगळ्या पोरींच्या जिवाची. सांगते. पण आधी जरा जुनं उकरू दे, त्याशिवाय मला धीर व्हायचा नाही.

आपली ती कामाची जागा तुला आठवत असेलच. वरचा मजला, पुढे एक अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशीच इस्त्रीचा कोपरा. मागे दुसरा जिना होता, पण त्याच्या दाराला बारा महिने तेरा काळ कुलूप. पोरी मागच्या मागे कापड पळवतील, ही मालकांची धास्ती. त्या दाराकडे जायच्या वाटेत कापडाचे गठ्ठे रचलेले, किल्ली राखणदाराच्या कमरेला. मालक तसे दुष्ट नव्हते गं. कुणाला ताप आला तर स्वतः गोळी आणून द्यायचे. 'पोरींनो, मी तुमची माय आहे माय,' हे तर दिवसातून दहादा. आणि एकदा ते असं म्हणून पाठमोरे झाले न झाले, तोच तू टाचण्यांच्या फटीतून पुटपुटलीस, 'माय मरो, मावशी उरो!' हसून हसून माझी सुई बोटात गेली होती.

मावशी म्हणजे ते सरकारी तपासनीस. ती म्हण काय निघाली आणि त्या बिचाऱ्यांना तेच नाव चिकटलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. आपल्या मावशीला तर चांगल्या झुपकेदार मिशा होत्या! पण शोभायचं हो नाव त्यांना. आल्या आल्या मावशीसारख्याच चौकशा. केस नीट बांधलेत ना, मशीनच्या पट्ट्यात अडकतील. प्यायला पाणी आहे का. डोळ्यांवर ताण येतो का. आणि सगळ्यात शेवटी, मागची वाट दाखवा. मग आपल्याला ओळीने मागच्या जिन्याने खाली अंगणात उतरवायचे आणि पुन्हा वर पाठवायचे. आपल्याला वाटायचं, काय हा पोरखेळ! पण तेवढंच मोकळ्या हवेत जायला मिळायचं.

ते कोपऱ्यावर दिसले की राखणदार खालून हाक मारायचा, 'मावशी आली!' मग काय तारांबळ! मशीनच्या पट्ट्यांवर झाकणं चढायची, वेण्यांचे अंबाडे व्हायचे, गठ्ठे टेबलांखाली जायचे, राखणदार धावत वर येऊन मागचं कुलूप काढायचा. ते वर पोचेपर्यंत आपली जागा एवढी शहाणी दिसायची की आपल्यालाच ओळखू येऊ नये. ते गेले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि तुझी सख्खी मावशी तुला भेटायला आली होती, तो दिवस आठवतो? राखणदाराने भोळेपणाने हाक मारली आणि वर धावपळ झाली. मालक हात जोडून दाराशी गेले, तर समोर काठी टेकत उभी असलेली म्हातारी! तिने मालकांनी पुढे केलेली खुर्ची घेतली, थंड सरबत घेतलं आणि जाताना, माझ्या भाचीला नीट वागवा, असा दमही देऊन गेली. नंतर कितीतरी दिवस मालकांना बघितलं की आपण ओढणीत तोंड लपवायचो.

आणि मग ती दुपार. त्याबद्दल आपण फारसं कधी बोललोच नाही. तू इस्त्रीच्या कोपऱ्याजवळ उभी होतीस. वायर फुटली, खाली पडलेल्या चिंध्यांनी पेट घेतला, ते फक्त तू बघितलंस. तू टाचण्या थुंकल्यास आणि ओरडलीस, 'मावशी आली!'

आग नाही म्हणालीस. मावशी म्हणालीस. आणि आम्ही सगळ्याजणी नेहमीसारख्या उठलो. झाकणं, अंबाडे, गठ्ठे. राखणदाराने जिन्यावरूनच हाक ऐकली आणि सवयीने धावत जाऊन कुलूप काढलं. धूर माझ्या नाकात गेला तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं, वाट मोकळी होती आणि तू दाराशी उभी राहून एकेकीला ओळीत ढकलत होतीस, चला गं, उतरा, मावशीला बघायचंय. तू 'आग' म्हणाली असतीस तर आम्ही सगळ्या सवयीच्या जिन्याकडे धावलो असतो आणि ज्वाळांच्याच तोंडी गेलो असतो. सगळा मजला जळून कोळसा झाला आणि एकीचा केसही करपला नाही. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. तू मात्र आजवर एकच सांगत आलीस, मला काही सुचलं नव्हतं गं, घाबरून जीभ घसरली. ते खरं की खोटं, देव जाणे. मला एवढंच ठाऊक की त्या घसरलेल्या जिभेमुळे मला पुढे लेक झाली आणि लेकीला लेक.

दुसऱ्या दिवशी ते तपासनीस आले, राखेतून फिरले आणि मागच्या दाराच्या कडीला लटकणारं उघडं कुलूप हातात घेऊन उभे राहिले. हे कुणी उघडलं, कधी उघडलं, त्यांनी विचारलं. राखणदार खाली मान घालून म्हणाला, 'साहेब, तुम्ही आलात म्हणून उघडलं.' ते म्हणाले, मी तर काल आलोच नव्हतो. मग कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या नावासकट. एवढा मोठा माणूस जिन्याच्या पायरीवर बसला आणि मिशांवरून आसवं पुसत राहिला. कामाच्या वेळात बाहेरच्या दाराला कुलूप नको, हा नियम तेव्हाही होता. त्यानंतर नव्या जागेत मात्र तो देवाच्या शब्दासारखा पाळला गेला.

आता माझ्या ओठांवरची गोष्ट. तुझ्या कारखान्यातलं मागचं दार मी बघितलं. गठ्ठ्यांच्या वरून नवंकोरं, चकचकीत कुलूप दिसत होतं. मी मनाची समजूत घातली, संध्याकाळी लावायचं असेल, काढायचं राहिलं असेल. टाचणी असं करायची नाही. पण काल नात खिदळत घरी आली. म्हणाली, आजी, आमच्याकडे एक गंमत आहे. सरकारी साहेब यायचे असले की बाई 'मावशी आली' म्हणून ओरडतात, मग आम्ही पटापट गठ्ठे हलवतो आणि बाई कमरेची किल्ली काढून मागचं दार उघडतात. तिला वाटलं मी हसेन. मी तशीच उठून कागद काढला गं. ज्या हाकेने आपण जगलो, तीच तू पुन्हा कुलपाच्या कामाला लावलीस? कापड महाग आहे, चोऱ्या होतात, सगळं मला कळतं. मालकांनाही तेच कळत होतं. आता माय तू झालीयेस, तुझ्या पोरींच्या तोंडी ती म्हण येऊ देऊ नकोस. मी नातीला कामावरून काढणार नाही. तिला एकटीला काढून घेतलं तर बाकीच्या कुणाच्या भरवशावर सोडू? आणि कुलूप निघालं नाही, तर मी स्वतः सरकारी कचेरीत जाऊन साहेबांना हाताला धरून तुझ्याकडे घेऊन येईन. मग तू जन्मभर तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. तू जिवंत तर राहशील. हे पत्र नातीच्याच हाती देतेय. वाचून मान वर केलीस की ती समोर उभी असेल, हुबेहूब तेव्हाची मी. तिच्याकडे बघ आणि किल्ली काढ. मावशी आली गं, टाचणे. ऊठ.

रागावलेली, घाबरलेली आणि तरी तुझीच,
गुंडी