कॉर्वेल हॉलची खालची बाग

१२ एप्रिल
आलो एकदाचे. फाटकाशेजारचं घर चिमुकलं आहे, पण कोरडं आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॅफोडिलचा उतार दिसतो. मी तिकिटं फाडायची, दुपारी चहा आणि स्कोन द्यायचे. माझ्या नवऱ्याने, लायनेलने, काही करायचं नाही. जन्मभर बस चालवली, वर हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याला तेवढा हक्क आहे. म्हणतो, आजवर लोकांना मी फिरवलं, आता मी फिरतो, तिकीट तू फाड.

बाग याच वर्षी लोकांना खुली झाली. पहिल्या महायुद्धात इथले माळी सगळे एकदम गेले, परत कोणी आला नाही, आणि तेव्हापासून सगळं काटेरी रानाखाली गाडलं होतं. हेड माळी प्यू यांनी जुने वाफे जसेच्या तसे उभे केलेत. सगळ्यात देखणी खालची बाग: दगडी पायऱ्या उतरून जायचं, चारी बाजूंनी भिंत, मध्ये नुसती पांढरी फुलं. तणाची काडी नाही. मी विचारलं, खुरपायला किती माणसं ठेवलीत. प्यू म्हणाले, एकही नाही, पाहुणेच करतात. मी हसले. ते हसले नाहीत.

२१ एप्रिल
खरंच करतात. आज मिसेस ऑटली म्हणून एक बाई आल्या, भारी कोट, मोत्यांची माळ. खालच्या बागेत गेल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसून तण उपटायला लागल्या. नवरा वरून चिडवत होता की घरी कधी कुंडीला पाणी घातलं नाहीस. चहाला आल्या तेव्हा नखांत माती, चेहरा समाधानी. स्कोन तसाच ठेवून पुन्हा खाली गेल्या.

२४ एप्रिल
मिसेस ऑटली रोज येतात. आता एकट्याच. तोच कोट. माळ नाही.

३ मे
लायनेलने जन्मात पुदिन्याचं रोप लावलं नाही, आणि आज दुपारभर खालच्या बागेत खुरपत बसला. पँटचे गुडघे चिखलाने भरलेले. पण इतक्या महिन्यांत प्रथमच गालांवर रंग दिसला. पोटभर जेवला, छान वाटलं.

११ मे
न्याहारीच्या आधीच जातो. बोलणं तुटक झालंय. जेवताना मी बघत होते: टेबलक्लॉथवर छापलेली पानं तो चिमटीत धरून ओढत होता, एकेक. मी हात धरला तर म्हणाला, अगं एनिड, थांब जरा, एवढी ओळ होऊ दे.

बोटांची टोकं सोलवटलीत.

१४ मे
प्यूंना गाठलं. म्हटलं, माझ्या माणसाचं हृदय नाजूक आहे, त्याला खाली जाऊ देऊ नका. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, बाई, मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला अडवू शकत नाही. बागेचे माळी गेले, तिला हात हवेत. मी स्वतः काठावरूनच काम बघतो, खाली पाय ठेवत नाही.

मग हे आधी का नाही सांगितलंत, मी ओरडले. म्हणाले, सांगितलं होतं. तुम्ही हसलात.

१६ मे
लायनेलला मुलीकडे, बेरिलकडे नेऊन सोडलं. गाडीत शहाण्यासारखा बसला. बेरिलला म्हटलं, डोळ्यांआड करू नकोस. ती म्हणाली, आई, तू उगाच जिवाला लावून घेतेस, बाबांना छंद लागलाय.

१८ मे
बेरिलचा फोन. त्याने तिच्या दिवाणखान्यातल्या गालिच्याचे धागे उपटले, पार खालची फळी दिसेपर्यंत. मग निघून गेला. पाकीट, बूट, सगळं तिथेच.

मी फोन ठेवून खिडकीशी गेले. तो खाली होता. मिसेस ऑटलींच्या शेजारी.

१९ मे
पोलीस आणला. तरुण, गोड बोलणारा. पायऱ्या उतरला, लायनेलशी वाकून बोलला. वर बघून म्हणाला, काकू, माणसाने खुरपू नये असा काही कायदा नाही.

मग सहज एक तण उपटलं. मग दुसरं.

त्याचं हेल्मेट अजून पायरीवर आहे.

२० मे
फाटकाला कुलूप लावलं. लोक भिंत चढून येतात. म्हाताऱ्या बायकासुद्धा.

लायनेल खात नाही. वरून पाव टाकला तर त्याने तो उचलून तणाच्या ढिगावर ठेवला, नीट. हाका मारते. बघतो, ओळखतो — तेच सहन होत नाही — ओळखतो आणि हात चालूच.

२१ मे
बेरिल आली. मी फाटकातच तिला धरलं, हाता-पाया पडले. म्हणाली, तुम्ही दोघं मला वेडं कराल, सोड, बाबांना घेऊन येते.

दोन्ही हातांनी त्याची काख धरून ओढत होती. मला वाटलं, आता उठेल —

ती बसली.

२२ मे
पाऊस. सगळे भिजतायत. बेरिलच्या अंगात पातळ ब्लाउज आहे. प्यू काठावर छत्री धरून उभे. मी म्हटलं, काहीतरी करा. म्हणाले, अजून बरेच हात लागतील.

लायनेल आडवा झालाय. गाल मातीत. बोटं हलतायत. एका हाताची.

२३ मे
आता हलत नाहीत.

बेरिल त्याच्या भोवतीने खुरपते. त्याच्या अंगावरून हात जातो तिचा, पलीकडे.

मी पायऱ्यांपर्यंतच जाणार. खाली पाय ठेवणार नाही. वही सोबत नेते, म्हणजे हात गुंतलेला राहील. शेवटच्या पायरीवर बसून तिला शाल —

बसले आहे. शाल पोचत नाही. बेरिल, इकडे बघ. बघितलं तिने. आई म्हणाली. हसली.

हात लांबवला तर तिची बाही लागेल. मध्ये वाफ्याच्या कडेला एक हिरवं काही उगवलंय, अगदी कोवळं, ते इतकं वाईट दिसतं तिथे, तेवढं एक काढून लगेच तिचा हात ध