डिसेंबरचं पान

गौलीगुडा, हैदराबाद
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय विक्रम,

तुझा निरोप बाबांकडून मिळाला. कारखान्याविरुद्धची तक्रार मी मागे घेतली, तर ठरल्याप्रमाणे मे महिन्यात लग्न करायला तुझ्या घरचे तयार आहेत. बाबांनी माझ्याकडे न बघता ते सांगितलं आणि म्हणाले, "विचार कर." मी केला. उत्तर त्यांच्या हाती पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तुला लिंडेनटालचा हिवाळा आठवतो का? हवा मोजायचं यंत्र चालवायला शिकावं म्हणून कंपनीने आपल्या दोघांना त्या छोट्या जर्मन गावात सहा महिने पाठवलं, तेव्हा मी आईला ऐटीत सांगितलं होतं, स्वच्छ हवेच्या देशात चालले. आणि नोव्हेंबर लागला तसं डोंगरांमधलं ते खोलगट गाव धुक्याने भरून गेलं. घराघरांतल्या शेगड्यांचा धूर वर जाईचना. तू खोकून खोकून बेजार झालास, तेव्हा आपल्या घरमालकीण फ्राउ वेबर तुला कांद्याचा रस मधात कालवून देत. थंडी सरली तर झाडांचे पिवळे पराग उडायला लागले आणि शिंकायची पाळी माझ्यावर आली. त्यांची हवा काही आपल्याहून पवित्र नव्हती. पण नगरपालिकेच्या दारात एक फळा होता आणि त्यावर रोज सकाळी हवेतल्या गंधकवायूचा आकडा लिहीत. जानेवारीत तो आकडा चढला, त्या दिवशी फ्राउ वेबर डोक्याला रुमाल बांधून कागदाच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग गल्लीतल्या दहा-बारा बायका. संध्याकाळपर्यंत कारखान्याने एक बॉयलर बंद केला. घरी येताना तू म्हणालास, "योगिनी, आकडा खरा असला की म्हातारीसुद्धा कारखाना थांबवते." मी मनातून तुला तेव्हाच हो म्हटलं होतं. तू विचारलंस तीन महिन्यांनी.

आपण परतलो, तू मॅनेजर झालास, परदेशातून औषधांच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि दोन शेडच्या चार झाल्या. मलाही त्याचा अभिमानच होता. इथे डोंगरांचं खोरं नाही, पण डिसेंबरच्या पहाटे गार हवा जमिनीला तशीच चिकटून राहते आणि आपल्या चिमणीचा धूर तिच्याखाली अडकतो. आपली प्रयोगशाळा झाडणारी मल्लम्मा कारखान्यामागच्या वस्तीत राहते. गेल्या डिसेंबरमध्ये तिने एका सकाळी झाडू बाजूला ठेवून विचारलं, "अम्मा, ये मिशीन में हमारे गाँव की हवा भी आती क्या?" मी यंत्र उचललं आणि तिच्या अंगणात नेऊन ठेवलं. नऊ दिवस आकडे वहीत उतरवले. एकही मर्यादेच्या आत नव्हता.

तुला दाखवले तेव्हा तू आधी केबिनचं दार लावलंस. "ऑगस्टचे आकडे चांगले आहेत, तेच रजिस्टरात डिसेंबरच्या पानावर चढव," म्हणालास. ऑगस्टमध्ये वारा-पाऊस सगळं धुऊन नेतात, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. आपण एकाच बाकावर बसून ते शिकलो. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पानावर तुझी सही होती. आठवड्याने माझी नोकरी गेली, आणि मी सरकारी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली.

आता दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. गल्लीत बायका विचारतात, योगिनीचं लग्न मोडलं काय की. आई म्हणते, सुपारी फुटलेली पोरगी एवढी अडून बसते का. बसते. मला त्याची लाज वाटत नाही. परवा बाबांनी हळूच विचारलं, "त्या बाईच्या वस्तीत खरंच एवढा त्रास आहे?" मी त्यांना पहाटे स्कूटरवर बसवून तिथे घेऊन गेले. नाकाला रुमाल लावून ते दहा मिनिटं उभे राहिले. घरात शिरल्यावर चपला काढता काढता आईला म्हणाले, "मे महिन्याचा विषय आता नक्को."

विक्रम, सोमवारी सकाळी साडेदहाला मंडळाची चौकशी समिती कारखान्यात येते आहे. वस्तीत ते नऊ दिवस हवा मोजल्याची नोंदच नाही, असं कंपनीने लिहून दिलंय. माझी वही माझ्या टेबलाबरोबर तिथेच राहिली, असं तुला वाटत असेल. ती माझ्याकडे आहे आणि मी ती समितीपुढे ठेवणार आहे. त्यानंतर तुझ्या सहीचं काय होईल, हे मला कळतं. हे तुला चार दिवस आधी सांगू नये, असं वकिलांनी बजावलं होतं. तरी सांगते आहे, कारण तुला बेसावध गाठणं माझ्याने होणार नाही, आणि गप्प राहणं त्याहून होणार नाही. तू माझ्याआधी उठून खरं सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसेन, लोक काय वाट्टेल ते म्हणोत. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, आणि सांगताना तुझ्याकडेच बघेन.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
योगिनी