पुढचे सहा फूट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, अविवाहित, पोटापाण्यासाठी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आणि दर शनिवारी चार ते सात वस्तीच्या नाट्यगृहातल्या मुलांच्या नाट्यवर्गाची बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगितले, शिवाय त्यांचे घड्याळ दहा मिनिटे मागे असल्याचेही सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच सही केली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग भरपूर आहे, पण तो शुद्धीच्या आड येत नाही, असे वकीलसाहेबांचे मत पडले.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, साधी आहे. नाट्यगृहाच्या मंडळाचे अध्यक्षही एकोणीस वर्षे मला "साधी गोष्ट आहे बाई, होऊन जाईल" असेच सांगत आले आहेत, आणि त्यांतली एकही झालेली नाही. म्हणून हा कागद.

कलम १. माझ्या राहत्या दोन खोल्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला मिळाव्यात. दादाने एकोणीस वर्षे दर शनिवारी "हे अजून किती दिवस चालणार?" असे विचारले आहे. मात्र प्रयोगाच्या दिवशी राजाचा मुकुट फुटला, तेव्हा आपल्या नव्या बुटांचा खोका कापून दुसरा मुकुटही त्यानेच केला होता. माळ्यावरचे मुकुट, तलवारी आणि माकडांच्या शेपट्या त्याने भंगारात घालू नयेत, वर्गाला द्याव्यात. साड्या वहिनीने घ्याव्यात. ज्या तिला "नाटकी" वाटतात, त्याही वर्गाला.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पुतणीच्या शिक्षणाला. शिक्षण तिच्या आवडीचे. दादाच्या आवडीचे दादा शिकून बसला आहे.

कलम ३. मंडळाने एकोणीस वर्षांत मला दिलेली एकमेव वस्तू, म्हणजे एक पाय आखूड असलेली खुर्ची, मी मंडळाला साभार परत करते. ती अध्यक्षांनी स्वतः वापरावी. पायाखाली घालायला मासिक सभेचे इतिवृत्त बरोबर बसते, मी बघितले आहे.

(वकीलसाहेब इथे म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात टोमणे नसतात हो." मी म्हटले, "मग मेल्यावर ते मारायचे कुठून?" त्यांची मुलगी माझ्या वर्गात तीन वर्षे झाड होती, त्यामुळे ते फार ताणत नाहीत.)

कलम ४. आता मुद्द्याचे. गेल्या महिन्यात मंडळाची नोटीस आली. येत्या एक तारखेपासून तालमीची खोली "प्रभावी संभाषण व व्यक्तिमत्त्व विकास" या शिबिराला देण्यात येत आहे आणि मुलांचा वर्ग तूर्त स्थगित करण्यात येत आहे. नाट्यगृहाचे स्वच्छतागृह नऊ वर्षे तूर्त बंद आहे. म्हणजे काय ते मला कळले आणि मी अध्यक्षांकडे गेले.

"बाई, काळ बदललाय," ते म्हणाले. "पालकांना रिझल्ट लागतो."

"कसला?"

"मुलं बोलायला पाहिजेत, धडाधड."

"आणि ऐकायला?"

"त्याचा कोर्स नसतो हो," ते म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

शिबिराचे प्रशिक्षक बारा बाय पंधराच्या खोलीत गालाला मायक्रोफोन चिकटवून बोलतात. त्यांनी नमुन्याचा एक तास घेतला. माझीच पोरे हात पसरून "मी करू शकतो!" असे ओरडत होती. काय करू शकतो, ते कोणी विचारले नाही. या मृत्युपत्रान्वये प्रशिक्षकांना काहीही मिळू नये. त्यांचे ते करू शकतात.

कलम ५. वर्गाचा एकच नियम आहे, तो इथे नोंदवून ठेवते. नवीन मूल आले की पहिले तीन महिने त्याने विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. मांडीवर संहिता, बोट ओळीवर, कान स्टेजवर. कोणी अडले तर फक्त पुढचा एक शब्द द्यायचा, हळू आणि भाव न घालता. बाकीचे वाक्य अडलेल्याचे. तीन महिन्यांनी त्या मुलाला कळते की नाटक आपल्याशिवायही चालू असते. मगच त्याने स्टेजवर यावे.

पालकांना हे पटत नाही. दर वर्षी एक तरी आई येतेच. "आमच्या सोनूला पडद्यामागे बसवलंय म्हणे?" "तीन महिने." "मग फोटो कसा काढायचा?"

तेरा वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांची मुलगी आली. बोलायची ती इतके हळू की मुलांनी तिसऱ्या दिवशी तिचे नाव पुटपुट ठेवले. तिचे तीन महिने संपले, तेव्हा मी म्हटले, "चल, आता स्टेजवर." ती म्हणाली, "मी इथेच बसू?" ती अजून तिथेच आहे. आज ती चोवीस वर्षांची आहे, छापखान्यात नोकरी करते आणि एकही शनिवार चुकवत नाही. कोणते मूल कुठल्या शब्दाला अडणार, हे तिला मुलाच्या आधी कळते.

तीन वर्षांपूर्वीच्या वर्धापनदिनी अध्यक्ष भाषणात अडले. तेच भाषण ते दर वर्षी करतात, तरी अडले. विंगेतून हळूच "कलेची" असा शब्द आला. "कलेची सेवा हेच आमचे व्रत," असे म्हणून ते सुटले, आणि चहाच्या वेळी आपल्या स्मरणशक्तीबद्दल बोलत होते. वर्ग पुटपुटकडे द्या असे मी याच गृहस्थांना सुचवले, तेव्हा म्हणाले, "कोण ती? स्टेजवर कधी दिसली नाही."

कलम ६. हे मंडळाने नीट वाचावे. नाट्यगृहाचे मूळ स्टेज अरुंद आहे. चाळीस मुलांचे नाटक त्यावर मावेना, म्हणून चौदा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी, ते सुतार होते, चार फूट बाय दोन फुटांच्या अठरा लाकडी लेव्हल, म्हणजे स्टेजच्या उंचीचे चौथरे, करून दिल्या. त्या एकमेकींना जोडून स्टेजपुढे बसवल्या. "नाटकातली माणसं उड्या फार मारतात," असे म्हणत त्यांनी प्रत्येकीला आडवी पट्टी जास्त घातली. लाकूड त्यांचे, घाम त्यांचा. ते त्यांचे शेवटचे मोठे काम.

मंडळाला भीती वाटली, कोणी पडले तर? त्यांनी मला पत्र दिले. हा कागद लिहिण्यासाठी जुनी फाईल उघडली, तेव्हा ते सापडले. अध्यक्षांच्या सहीनिशी त्यात लिहिले आहे: "सदर लाकडी सामान आपले खाजगी असून त्याची कोणतीही जबाबदारी अथवा मालकी संस्थेकडे राहणार नाही." पुढे त्यावर लाल गालिचा आला आणि सगळे विसरले. पाहुणे तिथे उभे राहतात, दिवा तिथे लागतो, अध्यक्ष व्रताबद्दल तिथूनच बोलतात. स्टेजचे पुढचे सहा फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझे आहेत.

ते मी पुटपुटला देते. पूर्ण मालकीने. सोबत वडिलांचा पाना. प्रत्येक लेव्हलला चार बोल्ट आहेत. तालमीच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता तिच्या हाताखाली वर्ग भरत राहील, तोवर तिने त्या जागेवर राहू द्याव्यात. लागोपाठ तीन शनिवार खोली मिळाली नाही, तर तिने सामान हलवावे. सुरुवात मधल्या लेव्हलपासून करावी, अध्यक्ष तिथे उभे राहतात. मी मंगळवारनंतर शिल्लक राहिले, तर पाना मी स्वतः हातात घेईन. हे कलम तेव्हा धमकी म्हणून वाचावे.

कलम ७. हे कलम लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली. मंडळ पुटपुटला ओळखत नाही, याचा मला राग येतो. पण दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः विचारले होते, "बाई, एखादा शनिवार मी घेऊ?" मी समोरच्या मुलांवर वैतागलेली होते. "आधी आवाज काढायला शीक," असे मी सगळ्यांसमोर म्हटले. मुले हसली. ती विंगेत जाऊन बसली आणि त्यानंतर तिने कधी विचारले नाही. म्हणजे अध्यक्षांच्या आधी तेच वाक्य मी बोलून चुकले होते. तेरा वर्षांत मी तिला एकदाही शाबास म्हटलेले नाही. ते वाक्य मी मागे घेते. वर्ग तिने घ्यावा अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. लेव्हल तिने वर्ग न घेतला तरी तिच्याच.

कलम ८. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. झाडाच्या भूमिकेबद्दल मी त्यांची क्षमा मागत नाही; मुलगी उत्तम झाड होती.

सही करण्यापूर्वीची पुरवणी. वरील मजकूर मी आज वर्ग सुटल्यावर दोन्ही साक्षीदारांना, म्हणजे नाट्यगृहाचा लाइटवाला आणि तिकीट खिडकीवरच्या काकू यांना, मोठ्याने वाचून दाखवला. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला बसू नये, म्हणून वकीलसाहेबांनी पुटपुटला बाहेर थांबवले होते. तालमीच्या खोलीच्या दाराला कडी नाही, तीही तूर्त. कलम सातमध्ये "तेरा वर्षांत मी तिला एकदाही शाबास म्हटलेले" इथवर आले आणि पुढे मला वाचता येईना. लाइटवाला पाणी शोधू लागला. काकू पंख्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात दाराआडून, हळू, भाव न घालता, एकच शब्द आला.

"नाही."

बाकीचे कलम माझे होते, ते मी पुरे केले. मग दाराकडे न बघता विचारले, "घेशील ना गं वर्ग?"

दाराआडून ती म्हणाली, "बाई, एकूण बोल्ट किती ते लिहायचं राहिलंय."

म्हणून लिहिले: बहात्तर.

स्थळ: तालमीची खोली, नाट्यगृहाची मागची बाजू
दिनांक: चौदा सप्टेंबर, शनिवार

सही: नाट्यवर्गाची बाई

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. नाट्यगृहाचा लाइटवाला (सही)
२. तिकीट खिडकीवरच्या काकू (सही, चष्मा घरी राहिल्याने ओळीच्या थोडी वर)