दर आणि ‘तर’

प्रिय मानसी,

तुझा मेसेज मिळाला. “शांत रहा, प्रकरण मिटेल,” असं लिहिलंयस. मी शांत राहणार नाही आणि हे मिटूही देणार नाही. फोन केला असता तर नेहमीसारखं तू माझं बोलणं तोडलं असतंस आणि मी तुझं, म्हणून लिहितेय.

कॉलेज संपल्यावर तू शेअर ब्रोकरकडे लागलीस, चार्ट बघायला. मी मुलुंडला अर्थशास्त्र शिकवायला लागले. घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसा थंड होईपर्यंत आपण भांडायचो: बाजार कुठे जाणार हे चार्टवरून कळतं की व्याजदरांवरून? तिथेच यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या निलेशने आपलं भांडण ऐकलं आणि साकीनाक्याच्या त्याच्या स्टुडिओत नेऊन कॅमेऱ्यासमोर बसवलं. खाली वर्कशॉपची घरघर, वर आपली. “जशा भांडता तशाच भांडा,” एवढंच तो म्हणाला होता.

काय धमाल होती यार! मी तुला नाव झाकून एक चार्ट दिला होता, आठवतं? तू त्यात तुम्ही चार्टवाले भाव पडायची खूण मानता ते डोकं शोधलंस, दोन्ही खांदे शोधलेस आणि ठासून म्हणालीस, “हा शेअर आता पडणार.” तो शेअर नव्हताच. मी नाणं उडवत काढलेली रेघ होती ती. तू लालबुंद झालीस, पण पुढच्याच भागात उट्टं काढलंस. मागे रिझर्व्ह बँकेने दर कापले तेव्हा मी काय म्हणाले होते आणि बाजाराने काय केलं, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस. “सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली बातमी सांगून भविष्य सांगतेस होय गं? माणसं घाबरली की तुझ्या व्याजदरात दिसतं का? माझ्या चार्टवर दिसतं.” दोघीही चुकायचो, पण कोणीच ते लपवत नव्हतं. म्हणून तर लोक बघायचे.

मग ते पतधोरण आलं. मी कॅमेऱ्यासमोर म्हणाले, “रिझर्व्ह बँकेने दर कापले नाहीत तर बाजार पडेल. कापले तर चढेल असं वाटतं, पण खात्री देत नाही.” दर कापले, बाजार चढला. मी खुशीत होते. आणि त्याच आठवड्यात दिंडोशीहून कुंदाताई स्टुडिओचा जिना चढून आल्या. त्या पाळणाघर चालवतात. “तुम्ही पडेल म्हणालात म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेले सगळे शेअर आदल्या दिवशी मिळेल त्या भावाने विकले,” म्हणाल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. मी असं म्हणालेच नाही, असं सांगितलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. चेहरा माझा, आवाज माझा: “बाजार पडेल.” पुढचं-मागचं सगळं छाटलेलं.

निलेशने लपवलंही नाही. अर्ध्या लोकांना माझं ‘पडेल’ पाठवायचं, अर्ध्यांना त्याच भागातलं तुझं ‘चढेल’. ज्यांच्यापुरतं खरं ठरेल त्यांना शेअरबाजाराचा कोर्स विकायचा, बाकीच्यांना विसरायचं. “सगळेच करतात, मॅडम.” मला वाटलं, त्याने तुलाही फसवलं. तू मात्र जमिनीकडे बघत म्हणालीस, “मला माहीत होतं गं. पण आपण खोटं कुठे बोललो? शब्द आपलेच ना?”

नाही मानसी. ‘तर’ कापल्यावर ते शब्द माझे राहत नाहीत. चार्ट खरा की व्याजदर, यावर मी म्हातारी होईपर्यंत तुझ्याशी भांडेन, हरेनसुद्धा. पण कोणी माझ्या तोंडून ‘खात्री’ विकणार असेल, तर ते चालू देणार नाही.

मी तक्रार केलीय. निलेशच्या वकिलाची नोटीसही आली. आई म्हणाली, कशाला अंगावर घेतेस? बाबांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “चूक तुझी नाही ना? मग मान कशाला खाली?” कुंदाताईंच्या घरी जाऊन आले. त्यांचं गेलेलं मी परत आणू शकत नाही, हे सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग निदान दुसऱ्या कोणाला असं होऊ देऊ नका.” त्यांच्या मोबाइलमधली ती क्लिप तक्रारीला जोडलीय.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. पतधोरणाच्या त्या भागातलं आपलं सगळं बोलणं माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड झालंय. उद्या ते लोकांसमोर ठेवतेय. स्टुडिओतले दिवे बंद झाल्यावरही मोबाइल चालूच राहिला होता. त्यात मी विचारते, “खरं सांग, कुठे जाईल गं बाजार?” तू हसतेस आणि म्हणतेस, “आईशप्पथ, मला काही कळत नाही.” मग मी म्हणते, “मलाही.” तुझं ते वाक्य मी काढलंय. मी कात्री चालवली ती तेवढ्याच जागी, आणि ती तुला सांगून. कारण ते तू मैत्रिणीला सांगितलं होतंस, लोकांना नाही. उद्या सगळ्यांना माझं एकटीचं “मलाही” ऐकू येईल. त्याच्या आधीचं वाक्य तुझं आहे. लोकांसमोर म्हणायचं की नाही, ते तूच ठरव. मी तुझ्यासाठी थांबणार नाही. पण शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवणारही नाही.

तुझ्याशीच भांडणारी, तुझीच
शीतल