घोट्याचं वेल्डिंग

मु. पो. मोताळा
बाजाराचा दुसरा दिवस

तीर्थरूप पंजाबराव दाजी यांस,

आपल्या बीबी गावच्या घराचं लोखंडी फाटक, मंजुळाताईचा ओट्यावरचा झोपाळा (कड्यांसकट), गच्चीवर जायचा गोल जिना, आपली पेरणीची लोखंडी तिफण, छकुलीच्या बारशाचा पाळणा आणि आपण ज्यावर बसून हे पत्र वाचत असाल ती मागे रेलायची खुर्ची, ही सगळी कामं ज्याने कुणाच्या हाताखाली न शिकता, नुसतं पाहून आणि स्वतःची बोटं भाजून केली, त्या आपल्या मेहुण्याचा, शेषरावचा, साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी एक अंग सध्या कामातून गेलेलं असल्यामुळे हा नमस्कार सात अंगांचा समजावा.

आपला नवा गुडघा कसा आहे? थंडीत कुरकुरत नाही ना? ताईचं बीपी आणि म्हशीचं दूध ही दोन्ही जागेवर असावीत अशी आशा आहे. आमच्याकडे कोकिळा मजेत आहे. मीही मजेत आहे असं लिहिणार होतो, पण आपल्याला खोटं लिहून उपयोग नाही, कारण ताई फोन करून तिच्याकडून खरं काढून घेतेच.

तर दाजी, माझा उजवा घोटा. वर्षभर तो मला त्रास देत होता आणि मी कुणाला सांगत नव्हतो. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की तो पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा अडायचा. चार पावलं लंगडत टाकली की सुटायचा. मग दिवसभर बरा, आणि दुकान बंद करायच्या वेळी पुन्हा सुजून चप्पल नको म्हणायचा. सुरुवातीला मी एरंडेल लावून रुईची पानं बांधली. नंतर विचार केला की आपण बिघडलेलं यंत्र आधी ऐकतो, मग उघडतो. (पंप बिघडला तर त्याच्या बेअरिंगवर लांब पेचकस टेकवून मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही.) म्हणून एका दुपारी मी खाटेवर बसलो, पाय गुडघ्यावर घेतला, पेचकसाचं टोक घोट्याच्या हाडावर, मूठ कानावर, आणि कोकिळेला सांगितलं की पंजा धरून हळूहळू फिरव. तिने फिरवला. दाजी, माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलो आहे. ग्रीस संपून लोखंडावर लोखंड चालायला लागलं की येतो तो. ती विचारते, "काय म्हन्ते?" मी म्हटलं, "काही नाही, हवा धरली." तिने पाय सोडून दिला. "हवा डोक्यात धरली असन," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून बुलढाण्याला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर पोरसवदा आहे, पण नीट बोलतो. उभं करून एक्स-रे काढला (आडवं पाडून नाही, कारण भार पडल्यावर सांधा किती दबतो ते पाहायचं असतं, आणि हे मला पटलं, मीही ट्रॉली भरल्यावरच तिची स्प्रिंग पाहतो). फोटोत दोन हाडांच्या मध्ये एक काळी फट असायला हवी. ती कुर्चेची जागा. माझ्या फोटोत फट नव्हती. त्याने विचारलं, पूर्वी कधी पडला होता का? मग मला तो जिनिंगचा पत्र्याचा शेड आठवला, जिथून मी तरुणपणी पाय मुरगाळत उतरलो होतो, म्हणजे पडलो होतो. तेव्हा गावातल्या हाडं बसवणाऱ्या कडूबाने घोटा ओढून, तेल चोळून "बसलं" असं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाला की बसलं होतं, पण वाकडं बसलं होतं, आणि तेव्हापासून ते झिजत आलं. सांध्याची झीज, ऑस्टिओआर्थरायटिस. गुडघ्याला म्हातारपणी आपोआप होते, घोट्याला बहुतेक वेळा जुना मार असतो. मी विचारलं, ग्रीस भरता येतं का? तो म्हणाला की इंजेक्शन आहे, सूज उतरते, काही महिने बरं वाटतं, पण गेलेली कुर्चा परत येत नाही. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "काका, घाबरू नका, लगेच कापाकापी नाही. आधी वजन कमी करा, घोट्याला पट्टा बांधा, व्यायाम करा, आणि पुढून जरा गोल तळाचा बूट घाला, म्हणजे घोट्याला वाकावं लागत नाही." वजनाचं वाक्य त्याने माझ्या पोटाकडे पाहून म्हटलं. मी हसलो नाही. कोकिळा हसली.

त्याने पट्टा विकत घ्यायला चिठ्ठी दिली. आता आपणच सांगा, ज्याने आपल्या गोल जिन्याची प्रत्येक पायरी एका मापात बसवली तो माणूस दुकानातून पट्टा विकत घेईल का? मी पाण्याचा पीव्हीसी पाइप गरम करून पोटरीच्या आकारात वाकवला, आतून रेक्झिन आणि सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावलं, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना खिडकीच्या दोन बिजागऱ्या बसवल्या. बिजागऱ्या समोरासमोर, एका रेषेत, लेव्हल लावून. बुडबुडा बरोबर मध्ये. दोन दिवसांत दोन्ही बाजूंची सालं निघाली. मी पुन्हा लेव्हल लावली, बुडबुडा पुन्हा मध्येच. शेवटी रागाने डॉक्टरकडे गेलो. त्याने पट्टा हातात घेऊन शांतपणे सांगितलं की घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. प्रत्येक माणसाचं. मी तिथेच कोकिळेचा पाय पाहिला, कंपाउंडरचा पाहिला, बाहेर बाकावर बसलेल्या दोन पेशंटचे पाहिले. खरं आहे, दाजी. आपणही आता खाली वाकून पाहा. देवाने जगातला एकही घोटा लेव्हलमध्ये बसवलेला नाही. माझ्या कामात चूक नव्हती, मूळ मालच तिरका होता. (तरीही त्या रात्री मला बरं वाटलं नाही. ज्या गोष्टीची आपल्याला पुरी माहिती आहे असं वाटतं ती आपल्याच अंगात तिरकी निघते, हे काही चांगलं लक्षण नाही.)

बुटाचं मात्र मी लांबवत नाही, कारण ते ताईच्या कानावर गेलंच असणार. गोल तळ म्हणजे किती गोल, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं. थोडी गोलाई चांगली तर जास्त गोलाई अधिक चांगली, या हिशेबाने मी ट्रकच्या टायरचा तुकडा घेतला, त्याला मुळातच बाक असतो, आणि तो जुन्या बुटांना ठोकला. चालताना अप्रतिम. घोटा जराही वाकत नव्हता, दुखत नव्हता, मी राजासारखा बाजारात गेलो. अडचण थांबल्यावर झाली. आशाबाईच्या दुकानापुढे मी थांबलो, पण बूट थांबेनात. मी पुढे झुलायचो, मागे झुलायचो, पुन्हा पुढे. ती टमाट्याचा भाव सांगत होती. पुढे झुललो की तिला वाटायचं मी हो म्हणालो, मागे झुललो की नाही. "काऊन हो शेषरावभाऊ, घेता का नाही घेता? एक काय ते बोला ना!" मी तोल सांभाळण्यात गुंतलो होतो, बोलणार कसा? तिने भाव उतरवला. मी पुढे झुललो. तिने पिशवी उघडली. मी मागे झुललो. तिने आणखी उतरवला, आणि मग मात्र मी जो पुढे झुललो तो थेट टमाट्याच्या कॅरेटमध्ये. लोकांनी मला उचललं तेव्हा आशाबाई सगळ्यांना सांगत होती की एवढा भाव पाडणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नाही. आमच्याकडे अजून टमाट्याची चटणी चालू आहे.

आता खरी गोष्ट. त्या पडण्यानंतर घोटा इतका चिडला की विकतचा पट्टा, खरा बूट, गोळ्या, इंजेक्शन, सगळं करून पाहिलं (वजनही उतरवलं, कोकिळा साक्ष आहे), तरी तो काही ऐकेना. डॉक्टरने नवा फोटो पाहिला आणि म्हणाला की आता सांधा बंद करावा लागेल. मी म्हटलं बंद म्हणजे? तो म्हणाला, झिजलेले पृष्ठभाग घासून साफ करायचे, दोन्ही हाडं एकमेकांना टेकवायची, स्क्रूने आवळायची, आणि काही महिन्यांत ती एकजीव होतात. हलायचं थांबलं की दुखायचं थांबतं. दाजी, हे वेल्डिंग आहे. मी याच क्रमाने करतो. घासायचं, टेकवायचं, आवळायचं, जोडायचं. आयुष्यभर लोकांच्या अडलेल्या बिजागऱ्या मोकळ्या केल्या, आणि माझी बिजागरी हा पोरगा जाम करणार! मी तिथल्या तिथे उठलो. म्हणजे उठायला गेलो आणि पुन्हा बसलो.

डॉक्टर हुशार निघाला. म्हणाला, आधी नुसतं प्लास्टर घालून पाहा. सांधा बंद झाल्यावर कसं वाटेल ते कळेल, नाही जमलं तर प्लास्टर कापून टाकू. मी लगेच हो म्हटलं, कारण मला खात्री होती की जमणार नाही आणि मी सुटेन. घरी आलो. पहिल्या दिवशी उठलो, चाललो, दुकानापर्यंत गेलो, परत आलो. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला, संध्याकाळची ती ठसठस नाही, सकाळचं अडणं नाही. कोकिळा म्हणे, "दुखत नाही न? मंग तोंड काऊन पाडून राह्यले?" तिला कसं सांगू? दुखलं असतं तर मी सुटलो असतो. दुखलं नाही याचा अर्थ तो पोरगा बरोबर आहे, आणि तो बरोबर आहे याचा अर्थ मला त्या टेबलावर जावं लागणार आहे. एवढी भीती मला दुखत होतं तेव्हा वाटली नव्हती.

आणि भीती एकच नाही. माझं सगळं काम उकिडवं बसून. फाटक जमिनीवर मांडायचं, त्याच्या चारी बाजूंनी सरकत सरकत जोडायचं. बंद घोट्याने उकिडवं बसता येत नाही, टाच टेकत नाही. प्लास्टरमध्ये बसून पाहिलं, मागे पडलो आणि उताणा झालेल्या किड्यासारखा पाय हलवत राहिलो. कोकिळेने ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याच दुकानातले चार अँगल उचलून शेजारच्या गोपालकडून कमरेइतकं उंच टेबल जोडून घेतलं, आणि म्हणाली, "खाली नाही बसता येत तं काम वर आणा." जोड अतिशय बेकार आहेत. एक पायही काटकोनात नाही. पण त्यावर मी उभ्याने शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्या जोडल्या, आणि हे मी फक्त आपल्याला सांगतो, काम सरळ आलं.

दुसरी भीती अशी की हाड जुळलंच नाही तर? डॉक्टर म्हणतो की तंबाखू खाणाऱ्याचं, विडी ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. मी पुडी गटारात टाकली आहे. (पाहायला गेलो तर ती अजून तिथेच आहे. काढलेली नाही.) तिसरी अशी की पुढे बाकीच्या छोट्या सांध्यांवर भार येऊन काही वर्षांनी तेही कुरकुरतील. चौथी सांगत नाही.

ऑपरेशन येत्या सोमवारी बुलढाण्याला आहे. हे सगळं आपल्या माहितीसाठी. काळजीचं कारण नाही. येण्याचीही तशी गरज नाही.

आपला, एका पायावर उभा असलेला,
शेषराव

ता. क. १ : रविवारी दुपारनंतर बीबीकडून गाडी मिळते. मी चौकशी करून ठेवली आहे.

ता. क. २ : चौथी भीती लिहितो. डॉक्टर कमरेत इंजेक्शन देणार, म्हणजे खालचं अंग बधिर, वरचा माणूस जागा. आपणच गुडघ्याच्या वेळी डॉक्टरांशी सोयाबीनच्या भावावर बोलत होतो असं प्रत्येक लग्नात सांगता. आपल्याला काय, आपण शेतकरी. पण मला ड्रिलच्या आवाजावरून कळतं की बिट बोथट झालंय. स्क्रू तिरका चालला की कळतं. मी आडवा पडून ते ऐकायचं आणि गप्प राहायचं? माझ्याने होणार नाही, मी उठून बसेन. तेव्हा एवढंच करा, डॉक्टरला बाजूला घेऊन सांगा की याला पूर्ण झोपवा. आपल्या मनाने सांगितल्यासारखं सांगा. मी म्हटलं म्हणून नको.

ता. क. ३ : धाड गावचा शेखर, ज्याचं औजारांचं मोठं दुकान आहे, तो परवा येऊन गेला. प्लास्टर पाहिलं, नवं टेबल पाहिलं, आणि म्हणाला की आता तुमच्याच्यानं होत नाही भाऊ, लेथ, वेल्डिंग मशीन, साचे आणि जागा सगळं मला द्या आणि आराम करा. पैसे रोख, त्याच दिवशी. कोकिळा आत चहा टाकत होती, तिने ऐकलेलं नाही. तिला हे आपण सांगावं. सोमवारी, मला आत नेल्यावर आणि मी शुद्धीवर यायच्या आधी, म्हणजे मी उठेपर्यंत तिचं बोलून झालेलं असेल. शेखरला मी नाही म्हटलं. चार लाख पंच्याऐंशी हजारांना.