कातळवड्याची माहेरवाशीण

९ जानेवारी १९३१, शुक्रवार

पोहोचले एकदाची कातळवड्याला! लोणावळ्याहून मळवलीपर्यंत आगगाडी, पुढे भिमाजीची बैलगाडी आणि शेवटी नदी पायी ओलांडायची. पात्रात वाळू नावालाही नाही, सगळा काळा कातळ. पाण्याने त्यात रांजणाएवढे खळगे कोरलेत. वर जुना दगडी घाट, देऊळ, वेशीत झिजलेले वीरगळ. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नडेट असत्या तर तिथेच रंगांची पेटी उघडून बसल्या असत्या.

भिमाजी आमच्या कॉन्व्हेंटला तूप घालतो. दिवाळीत स्वयंपाकघराच्या दाराशी बोलता बोलता मी त्याला सांगितलं होतं, की शहात्तरच्या दुष्काळात मावळातल्या कुठल्याशा नदीकाठी मी तान्ही सापडले. सिस्टरांनी वाढवलं, शिकवलं, लूसी हे नावही त्यांचंच. लग्न केलं नाही, शिकवत राहिले. तो तुपाचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "मग तुमी आमच्याच गावच्या, मावशी. तवा आमची एक पोर हरवली व्हती." चोपन्न वर्षांची बाई मी, पण त्या संध्याकाळी चॅपेलमध्ये एकटी बसून रडले.

भिमाजीच्या आईने, अंबूबाईने, उंबऱ्यावर माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "किती वाळलीस गं! पादरिणी खायला घालत न्हवत्या व्हय?" दारातल्या बायका हसल्या. मीही हसले.

११ जानेवारी

रोज नवं घर, नवं ताट. तांदळाची भाकरी, खरवस, वर आग्रह. हरवलेल्या पोरीचं नाव गोदू होतं, म्हणून सगळे मला गोदूच म्हणतात. आज अंबूबाईने माझ्या डोक्याला तेल लावलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुली शनिवारी आपापले केस आपणच विंचरायचो. दुसऱ्या कुणाची बोटं माझ्या केसांत फिरल्याचं मला आठवतच नाही. डोळे मिटून बसले, आणि रविवारची प्रार्थना राहून गेली.

आईचं विचारलं. अंबूबाई म्हणाली, बाळंतपणात गेली. शेजारच्या कस्तुराबाईने मात्र सांगितलं, की उपाशीपोटी वाटेत पडली. म्हातारी माणसं, विसरत असतील.

१३ जानेवारी

आज कस्तुराबाई न विचारताच म्हणाली, "बाळंतपणात गेली गं तुजी आई." बोलताना नजर अंबूबाईकडे. एकीच्या पाटीवरून दुसरीने उतरवलेलं उत्तर मी तीस वर्षं ओळखत आले आहे.

घाटाखाली डोह आहे, खोल, हिरवाकाळा. काठाला शेंदूर फासलेले दगड मांडलेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या कुमारिका, असं अंबूबाईने सांगितलं; त्या नावाने हाक मारतात, आणि ओ दिली की माणूस त्यांचं होतं. तिथे गावातलं एकही मूल फिरकत नाही.

माझे बूट कोपऱ्यात दिसेनात. विचारलं तर म्हणे शिवायला दिलेत, आणि माहेरी कुणी पायात घालतं का?

१५ जानेवारी

शनिवारी निघते, असं जेवताना म्हणाले. ताटावरचे हात थांबले. मग भिमाजी अगदी मऊ आवाजात म्हणाला, की माहेरवाशीण एकटी जात नसते, तिला न्यायला येतात. मला हसू आलं. मला कोण न्यायला येणार, माझं तर लग्नच झालेलं नाही, म्हटलं.

अंबूबाईने माझा गाल कुरवाळला. "म्हनून तर."

१६ जानेवारी

वरच्या वाडीतली सावित्राबाई मोळ्या विकायला येते. आज देवळामागे तिने माझा दंड धरला. म्हणाली, गाव अधूनमधून एक कुमारीण डोहाला देतं. स्वतःच्या लेकी द्यायच्या नसतात, म्हणून परकी आणून आधी आपली करायची. नाव द्यायचं, आई द्यायची, घरोघर जेवू घालायचं, शेवटी ओटी भरायची. मागल्या खेपेला कुणी मिळाली नाही, तर श्रावणात डोहाने भिमाजीचीच पोर ओढली. दुसरी अजून पाळण्यात आहे.

"वटी घिऊ नका. आत्ताच्या आत्ता चला माज्या संगं, डोंगरानं."

मी एवढंच विचारलं, की ती हरवलेली पोर तरी खरी ना?

"कुनास ठावं. दर येळंला यक पोर हरवलेली असतीच."

जायला हवं होतं. पण अंबूबाई उद्या माझ्या आईचं घर दाखवणार होती. उद्याचाच दिवस, म्हणाले तिला. ती मोळी उचलून निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही तिने.

१७ जानेवारी

घर कसलं, दगडांचा ढीग. मधे चूल. "हितं रांदायची तुजी आई." चुलीच्या दगडांवर काजळी होती, बोटाला लागली. ओली, ताजी. काल-परवा कुणीतरी मुद्दाम जाळ केला होता.

सगळं कळलं. तरी हात तिथून उचलवेना.

तेवढ्यात बायकांनी घेरलं. खण, नारळ, तांदूळ. नको म्हणायला तोंड उघडलं, पण पदर आधीच पसरला होता — मीच पसरला होता. आजवर कुणी माझी ओटी भरली नव्हती.

१८ जानेवारी, सकाळ

अनवाणी घाटापर्यंत गेले. कातळाने तळवे फाटले. पायरीपायरीवर बायका. कुणी अडवलं नाही, नुसत्या उठून उभ्या राहिल्या — कुटं निघालीस गोदू — आणि मी परत फिरले. भिमाजी पाळणा हलवत होता. मान वर केली नाही त्याने.

प्रार्थना म्हणते आहे. मधल्या ओळी आठवत नाहीत —

दुपार

गावाची सगळी दारं बंद. अंबूबाईने ओसरी सारवली, घोंगडी अंथरली. गूळपाणी ठेवलं. म्हणाली, आल्या.

खिडकीच्या गजांतून दिसताहेत, साती जणी. भर दुपारच्या उन्हात ओली लुगडी. केसांतून पाणी गळतंय, थांबत नाही. घोंगडी भिजली — ओसरी भिजली —

अंबूबाई म्हणाली, आमची गोदू तयार आहे.

त्यांनी माना हलवल्या. नाही. ही गोदू नाही. या गावची नाहीच —

देवा! त्यांना खोटं कळलं. अंबूबाई पाया पडते आहे. त्या उठल्या. निघाल्या. सुटले मी, सुटले —

एक थांबली. खिडकीकडे वळली. हाक मारली.

गोदू नव्हे. लूसीही नव्हे. हे नाव मी कधी ऐकलं नाही. कधीच नाही, आणि तरी अंगातलं सगळं त्या आवाजाकडे — दूध आठवावं तसं —

माझं नाव. माझंच आहे हे.

ओ द्यायची नाही. तोंडावर हात दाबून धरलाय. ओ द्यायची नाही. पुन्हा हाक — किती मायेने — आई, मी ओ दे